अर्जातला धान्यव्यापारी

परीक्षेला अडीच वर्षं बाकी असताना मी तिच्या अभ्यासाला बसलो. हे मी हुशारीची खूण म्हणून सांगत नाही. रविवारी सकाळी बाबांसोबत धान्यबाजारात जाणं टाळायला मला एखादं भारदस्त कारण हवं होतं, आणि ते आमच्या कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या सरांनी आयतंच हातात दिलं.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. सर उन्हाळ्यात दिल्लीला जाऊन आले होते आणि तिथल्या एका विद्यापीठाचं त्यांना वेड लागलं होतं. तिथे म्हणे एम.ए.ला राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र शिकवतात. देशभरातून मुलं अर्ज करतात, घेतात मूठभर. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. ज्याच्या घरची परिस्थिती बेताची त्याला फी माफ आणि वसतिगृह फुकट.

"आपल्या कॉलेजातून आजवर एकही मुलगा तिथे गेला नाही," सर म्हणाले. "का, तर आपण जागे होतो शेवटच्या महिन्यात. ज्याला जायचं असेल त्याने आज संध्याकाळपासून लागावं."

वर्ग हसला. मी मात्र संध्याकाळी घरी जाऊन जाहीर करून टाकलं की मी दिल्लीच्या परीक्षेला बसतोय, आणि यापुढे रविवारी मला अभ्यास आहे.

माझे बाबा धान्यबाजारात मापाडी होते. म्हणजे शेतकऱ्याचं धान्य दलालाच्या दुकानासमोर उतरलं आणि व्यापाऱ्याशी त्याचा सौदा ठरला, की ते काट्यावर तोलून द्यायचं काम बाबांचं. बाजार समितीचा पितळी बिल्ला त्यांच्या सदऱ्याला लावलेला असे. तीस वर्षं पोती सरकवून त्यांचे गुडघे गेले होते. मी पदवीधर झालो की बिल्ला माझ्या नावावर करून घ्यायचा आणि आपण घरी बसायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यात मी दिल्ली आणून ठेवली.

"किती दिवस लागन याले?" बाबांनी विचारलं.

"परीक्षेला अडीच वर्षं. पास झालो तर पुढे दिल्लीला दोन वर्षं."

"अन् नाई झाला तं?"

"तर बिल्ला घेतो."

"शिकू द्या ना जी त्याले," आई चुलीजवळून म्हणाली. "एवढं म्हणते तं."

बाबांनी गुडघा चोळला. मग म्हणाले, "एक डाव. दुसरा मांगू नोको. माहे गुडघे तुह्या परीक्षेची वाट पाह्यत बसणार नाईत."

असा करार झाला. मी पास झालो तर दिल्ली, नाही तर काटा. मी त्या दिवशी खूश होतो, कारण अडीच वर्षांचे रविवार सुटले होते.

सुरुवात मी वेळापत्रकापासून केली. ते करायला तीन आठवडे लागले. त्यात पहाटे पाच ते सहा 'राज्यघटना' होती आणि रात्री 'चिंतन' होतं. चिंतन म्हणजे काय करायचं ते मला माहीत नव्हतं, पण सरांच्या तोंडी तो शब्द ऐकला होता. राज्यघटनेच्या वेळी मी झोपलेला असे आणि चिंतनाच्याही. मधल्या वेळेत वर्तमानपत्र होतं, आणि ते मात्र मी खरंच वाचलं.

वर्तमानपत्र आमच्या घरी येत नव्हतं. ते कोपऱ्यावरच्या केशकर्तनालयात येई. सर म्हणाले होते, महत्त्वाची कात्रणं काढून वहीत चिकटवत जा. पेपर कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. महिनाभराने केशकर्तनालयाच्या मालकाने मला दारातच पकडलं.

"अबे, हे का हाय? गिऱ्हाइकानं पेपर उघडला तं त्यातून थेट माहं तोंड दिसून राहिलं त्याले!"

"तिथं बजेट होतं काका."

"बजेट तू नेलं, अन् मागच्या अंगाचे सिनेमाचे टाइम बी नेले ना बाबू! लोकं इथं का बजेट पाह्याले येतात का?"

शेवटी तह झाला. मी सकाळी अर्धा तास गिऱ्हाइकांना पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि पेपर शिळा झाला की दुसऱ्या दिवशी कापायचा. त्यामुळे माझा सगळा अभ्यास एक दिवस मागे राहिला. तसं बिघडलं काही नाही, कारण थोड्याच महिन्यांत आणीबाणी आली आणि पेपरात आज काय आणि उद्या काय, सारख्याच बातम्या येऊ लागल्या. माझ्या वह्या त्या काळात फार नीटनेटक्या झाल्या. मंत्रिमंडळ खात्यांसकट पाठ. सरकारी कार्यक्रमाचे सगळे मुद्दे ओळीने पाठ. संभाव्य प्रश्नांची उत्तरं लाल-निळ्या शाईत तयार. चार जाड वह्या भरल्या. परीक्षेला पाच महिने असताना मी इतका तयार होतो की करायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी अक्षर सुधारायला घेतलं.

अर्ज आला तो फेब्रुवारीत. त्याच्याही मी हाताने तीन नकला केल्या आणि आधी पेन्सिलीने भरून पाहिल्या. सगळं जमलं. एक रकाना तेवढा अडला. वडिलांचा व्यवसाय.

आता खरं सांगायचं तर त्यात अडण्यासारखं काही नव्हतं. पण कॉलेजच्या ऑफिसात माझ्यासोबत आणखी दोन मुलं तोच अर्ज घेऊन आली होती. एकाचे वडील वकील, दुसऱ्याचे सिव्हिल सर्जन. मी घरी येऊन पहिल्या नकलेत लिहिलं 'मापाडी', आणि ते मला त्या कोऱ्या कागदावर फार बुटकं दिसलं. दुसऱ्या नकलेत 'धान्यबाजारात काम' लिहून पाहिलं. तिसऱ्या नकलेत 'धान्यव्यापारी'. अर्थशास्त्र शिकायला निघालेल्या मुलाला व्यापारी बाप शोभतो असं मला वाटलं, आणि शाईने तेच लिहिलं. लोक खोटं घाईत बोलून जातात. मी तीनदा सराव करून लिहिलं. खाली उत्पन्नाच्या रकान्यात मात्र मापाड्याचंच उत्पन्न भरलं, कारण फी माफ व्हायला हवी होती. या दोन रकान्यांचा एकमेकांशी काही संबंध असतो हे अडीच वर्षं अर्थशास्त्र घोकलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

आणि मार्चमध्ये निवडणुकीत सरकार पडलं.

सगळं नागपूर रस्त्यावर होतं, सीताबर्डीवर लोक एकमेकांना पेढे भरवत होते, आणि मी घरात चार वह्या मांडून भिंतीला टेकून बसलो होतो. एकही मंत्री जागेवर नव्हता. कार्यक्रमाचे मुद्दे ओळीने मेले होते.

बाबा बाजारातून आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चपला काढता काढता म्हणाले, "सरकार पडलं तं तू काहून सुतक धरून राहिला गा? तुह्या घरचं होतं का?"

"चार वह्या वाया गेल्या माझ्या."

"मंग नव्या घे. काट्यावर पोतं चुकीचं बसलं तं आम्ही खाली उतरवतो अन् पुन्हा चढवतो. भिताडाले टेकून नाई बसत."

लेखी परीक्षा मे महिन्यात नागपुरातच झाली. हॉलमध्ये कूलर होता, पण तो फक्त पर्यवेक्षकाकडे पाहत होता. घामाने उत्तरपत्रिका हाताला चिकटत होती. राजकारणावरचा निबंध मी कसा लिहिला ते आठवत नाही. पण माझं नाव मुलाखतीच्या यादीत आलं. मला वाटतं, त्या वर्षी सगळ्या देशाच्या वह्या एकाच दिवशी शिळ्या झाल्या होत्या, त्यामुळे माझा दोष उठून दिसला नसावा. वकिलांचा मुलगा आणि सर्जनचा मुलगा दोघंही गळले. सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून चहा पाजला.

मुलाखत दिल्लीला. लांबलचक टेबलामागे पाच जण बसले होते. अध्यक्ष मधोमध, एका टोकाला चष्म्याच्या बाई, आणि दुसऱ्या टोकाला पांढऱ्या दाढीचे एक सरदारजी प्राध्यापक. सगळं इंग्रजीत चाललं होतं आणि माझं बरं चाललं होतं. नाव, कॉलेज, हा विषय का, सगळी पाठ केलेली उत्तरं सुटत होती. तोवर सरदारजींनी माझा अर्ज उचलला.

"ग्रेन मर्चंट!" ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून सरळ हिंदीत आले. "मैं भी मंडी का लड़का हूँ, पंजाब की. तुम्हारे यहाँ भी रुमाल चलता है?"

"जी, चलता है," मी म्हणालो. इथपर्यंत खरं होतं.

हा रुमाल म्हणजे काय ते सांगतो. बाजारात भाव उघड बोलायचा नाही, अशी जुनी रीत होती. दलाल आणि घेणारा एकमेकांचा हात धरत, वर रुमाल टाकत आणि आतल्या आत बोटं दाबून भाव ठरवत. कोणतं बोट, किती पेरं, किती वेळा, ही खूण त्या लोकांनाच ठाऊक. पुढे कायद्याने उघडा लिलाव आला, तरी जुनी मंडळी रुमाल सोडायला तयार नव्हती. बाबांचं काम सुरू व्हायचं ते रुमाल उचलल्यावर. आत काय चालतं हे तीस वर्षांत त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी तर बाजार चुकवण्यात अडीच वर्षं घालवली होती.

सरदारजींनी खिशातून मोठा रुमाल काढला, टेबलावरून हात पुढे केला, माझा हात धरला आणि वर रुमाल टाकला.

"लो भई, व्यापारी के बेटे. चने का भाव लगाओ."

बाकीचे चौघं पुढे वाकून पाहू लागले. व्यापाऱ्याच्या पोराला हे पाळण्यात येत असणार, हे मला तेव्हा कळलं.  काहीतरी तर करायला हवं, म्हणून मी त्यांची पाचही बोटं एकदम आवळली, आणि कमी पडू नये म्हणून पुन्हा एकदा आवळली.

सरदारजींनी रुमालाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बेटा, इतने में तो बादाम भी नहीं बिकता."

सगळे हसले. मीही हसलो, सर्वांत जास्त. पण त्यांनी हात सोडला नाही.

"पिताजी क्या करते हैं?"

हात रुमालाखाली धरलेला असताना खोटं बोलणं फार अवघड असतं. "मापाडी हैं," मी म्हणालो. "काँटा करते हैं."

"तो ये क्यों लिखा?"

"अच्छा दिखता था."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी अर्जावर पेनाने काहीतरी लिहिलं. मला समोर काटा दिसू लागला, आणि बिल्ला. सरदारजींनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवला आणि विचारलं, "अच्छा, ये बताओ. तौलने वाला किसका आदमी होता है? किसान का, या व्यापारी का?"

चारही वह्यांत याचं उत्तर नव्हतं. म्हणून मी जे पाहिलं होतं तेच सांगत गेलो. हिंदी, मराठी, मध्ये इंग्रजी, जे तोंडात येईल त्यात. व्यापाऱ्याला पारडं थोडं झुकलेलं हवं असतं आणि शेतकऱ्याला दांडी सरळ हवी असते. दांडी थांबेपर्यंत बाबा दोन्ही हात मागे बांधून उभे राहतात, हात लावला असं कुणी म्हणायला नको म्हणून. व्यापारी म्हणतो, घाई कर. शेतकरी म्हणतो, पुन्हा तोल. तोलाई कुणाच्याही खिशातून जावो, शिव्या दोन्हीकडून घरी येतात. बाबांनी ऐकलं नाही तर व्यापारी दुसरा मापाडी बोलावतो, आणि बाबांवर भरवसा नसला तर शेतकरी दुसऱ्या दुकानी गाडी सोडतो. मापाडी कुणाचा, हे मी शेवटपर्यंत सांगू शकलो नाही. मी आयुष्यात पहिल्यांदाच बाबांच्या कामाबद्दल दहा मिनिटं सलग बोललो, आणि तेही दिल्लीला, पाच परक्या माणसांसमोर.

नंतर चष्म्याच्या बाईंनी अर्थमंत्र्यांविषयी प्रश्न विचारला आणि मी जुन्याच अर्थमंत्र्यांचं नाव ठोकून दिलं.

"ते आता मंत्री नाहीत," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"माझ्या वहीत आहेत," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

परतीच्या गाडीत मी मनाने बिल्ला लावून मोकळा झालो होतो. पण जुलैच्या सुरुवातीला पाकीट आलं. निवड झाली होती. पहिलं पान वाचून मी आईला उचललं. "सोड ना रे, पडशीन," ती ओरडत होती. मग मी दुसरं पान वाचलं आणि तिला खाली ठेवलं.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की अर्जात वडिलांचा व्यवसाय चुकीचा नोंदवल्याचं मुलाखतीत आढळलं आहे. फीमाफी आणि वसतिगृह हवं असेल तर वडिलांनी स्वतः दंडाधिकाऱ्यासमोर केलेलं प्रतिज्ञापत्र आणि त्यांच्या मापाडीपणाच्या परवान्याची प्रत महिनाअखेर पोचवावी. न पोचल्यास जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. म्हणजे बाबांच्या सहीशिवाय दिल्ली नाही, आणि मी काय लिहिलं होतं हे बाबांना कळल्याशिवाय सही नाही.

बाबांची सही मला चांगली येत होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मी तिचा पुष्कळ सराव केला होता. पण दंडाधिकाऱ्यासमोर सहीसोबत माणूसही उभा करावा लागतो. तरीही मी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी संध्याकाळी बाबा खाटेवर पाय लांब करून गुडघ्यांना मिठाच्या पुरचुंडीने शेक घेत होते, तेव्हा सांगितलं.

"व्यापारी?" बाबा म्हणाले.

"हो."

"कायचा?"

"धान्याचा."

"किराणा नाई टाकला संगं?"

  पुरचुंडी थंड झाली होती, तरी बाबांनी ती गुडघ्यावरच धरून ठेवली.

"कोणाले सांगतलं तू हे?"

"अर्जात लिहिलं होतं. मुलाखतीत मग खरं सांगितलं."

"काहून सांगतलं मंग? तठी बी व्यापारीच ठेवायचा ना. मी मेलो असतो तं व्यापारी म्हणून मेलो असतो."

त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी बाजारात जात, संध्याकाळी येत, जेवत, झोपत. मी त्यांच्या समोरून जाताना ते भिंतीकडे पाहत. करार एका डावाचा होता, आणि डाव मी जिंकूनही त्यांच्या हातात गेला होता. त्यांनी नुसतं काही केलं नसतं तरी महिना संपला असता आणि बिल्ला माझ्याकडे आला असता. त्यांच्या गुडघ्यांना तेच बरं होतं. मी त्यांना एकदाही विनवलं नाही. हिंमत झाली नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला, बिल्ला लावला आणि परवान्याचा कागद रुमालात बांधून माझ्यासमोर उभे राहिले. "चाल. कचेरीत."

कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली टाइपरायटरवाले बसत. एकाला सगळं सांगितलं. त्याने खडाखडा मसुदा टाइप केला आणि वाचून दाखवला: "मी, गरीब हमाल, शपथेवर लिहून देतो की..."

"गरीब काढा," बाबा म्हणाले.

"राहू द्या ना काका. गरीब लिवलं की काम लवकर होते."

"काढा. अन् हमाल नाई. परवानाधारक मापाडी लिवा."

"पुन्हा पूर्ण टाइप करावं लागन."

"करा."

त्याने कुरकुरत दुसरा कागद चढवला. टाइप झाल्यावर बाबांनी तो कागद घेतला आणि माझ्या हातात दिला. "वाच."

मी मनात वाचू लागलो.

"तोंडानं वाच. जोऱ्यानं."

आजूबाजूला सात-बाऱ्यासाठी, दाखल्यांसाठी आलेली पंधरा-वीस माणसं उभी होती. मी वाचलं. माझा व्यवसाय परवानाधारक मापाड्याचा आहे. माझ्या मुलाने त्याच्या अर्जात माझा व्यवसाय धान्यव्यापारी असा लिहिला. ते खोटं आहे. मला हे आधी माहीत नव्हतं. केशकर्तनालयात रोज पेपर वाचून माझा आवाज चांगला मोठा झाला होता, त्यामुळे पलीकडच्या रांगेलाही ऐकू गेलं.

वाचून झाल्यावर जवळ उभा असलेला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला, "काहून गा बाबू, मापाडी का वाईट असते का?"

 उत्तर बाबांनी दिलं.

"लहान हाय अजून," ते म्हणाले. "दिल्लीले चालला शिकाले."

मी एकवीस वर्षांचा होतो. मिसरूड होतं.

आत दंडाधिकाऱ्याच्या टेबलापाशी बाबांनी वाकून, एकेक अक्षर दाबत सही केली. शिक्का बसला. बाहेर येऊन त्यांनी कागद माझ्याकडे दिला, परवाना पुन्हा रुमालात बांधला आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"रजिस्टर करून टाक," खाली पोचल्यावर ते म्हणाले. "अन् पावती जपून ठेव. मी जातो, बारा वाजता तुरीच्या गाड्या लागते."

ते सायकलरिक्षा न करता पायीच बाजाराकडे निघाले. मी पोस्टाकडे.